मृगाच्या आधी कवेलूच्या घराचे काय करावे?

नोकरीनिमित्त नागपूरला राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात आहे. त्या लिहितात:

‘वडील गेल्यापासून गावचे घर बंद आहे, त्याला तीन वर्षे झाली. भिंती मातीच्या, दोन फूट जाडीच्या. वर सागवानी मयाली म्हणजे तुळया आणि देशी कवेलूंचे, म्हणजे कौलांचे, दुपाखी छप्पर. पुढे सपरी म्हणजे ओसरी, मागे सांदवाडीत म्हणजे परसात विहीर आणि गुरांचा कोठा. घराची छपराखालची जागा बाराशे चौरस फुटांची आहे. वानरांनी बरेच कवेलू फोडले, मागच्या भिंतीला भेग पडली आहे आणि दोन मयालींवर मातीच्या नळ्या दिसतात. आईला दिवाळीनंतर तिथेच राहायचे आहे. आमच्याजवळ दोन लाख रुपये आहेत. गावातला ठेकेदार म्हणतो, कवेलू काढून टीन टाकू, भिंतींना जाळी मारून सिमेंटचे प्लास्टर करू, आत टाइल्स आणि अंगणात काँक्रीट घालू, पावसाआधी सगळे होऊन जाईल. शेजारचे काकाजी म्हणतात, मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. त्यांच्या छपराचे पाणी दोन्ही घरांमधल्या बोळात, आमच्या मागच्या भिंतीजवळ पडते आणि त्यावरून वडिलांच्या वेळेपासून थोडी कुरबूरही आहे. अशा वेळी कोणाचे ऐकावे आणि काय आधी करावे?’

ताई, सिमेंटच्या बाबतीत तुमच्या काकाजींचे म्हणणे बरोबर आहे. ठेकेदाराने सांगितलेल्या कामांपैकी एखादे काम करण्यासारखे आहे, पण त्याचा क्रम मला मान्य नाही, कारण त्याने डोळ्यांना दिसणारी कामे आधी धरली आहेत आणि ज्या एका गोष्टीने मातीचे घर पडते त्या पाण्याचा त्यात कुठेच विचार केलेला नाही. मृग लागायला आता महिना-सव्वा महिना आहे. एवढ्या दिवसांत छप्पर दुरुस्त करणे, छपरावरून पडणारे पाणी भिंतीपासून दूर नेणे आणि लाकडाला लागलेली वाळवी रोखणे ही तीन कामे नीट होतात. भिंतींचे लिंपण, चुना आणि जमिनी यांना दिवाळीनंतरचा काळ अधिक चांगला असतो, म्हणून ती कामे तेव्हासाठी ठेवा आणि त्यांचे पैसेही आज खर्च करू नका. टाइल्स आणि अंगणातले काँक्रीट सध्या विसरून जा.

पाण्याला मी एवढे महत्त्व का देतो, ते तुमच्याच घराच्या हिशोबाने सांगतो. बाराशे चौरस फूट म्हणजे सुमारे एकशे दहा चौरस मीटर. यवतमाळ जिल्ह्यात वर्षाकाठी नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो असे धरले, तर तुमच्या एका छपरावरून वर्षभरात जवळपास एक लाख लिटर पाणी खाली येते आणि त्यातले बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच येते. एखाद्या दिवशी सत्तर मिलिमीटर पाऊस झाला, तर त्या एका दिवसात साडेसात हजार लिटरहून जास्त पाणी पडते, म्हणजे पाण्याचा एक मोठा टँकर घराच्या पायथ्याशी ओतल्यासारखे होते. छप्पर दुपाखी असल्याने त्यातले निम्मे मागच्या बाजूला पडते, तिथेच काकाजींच्या छपराचे पाणीही येते, आणि भेग नेमकी त्याच भिंतीला आहे. हा योगायोग नाही असे मला वाटते.

आपल्या काळ्या जमिनीचा स्वभाव शेतकऱ्याला वेगळा सांगावा लागत नाही, पण घर बांधताना आणि दुरुस्त करताना तो विसरला जातो. या मातीतला चिकण भाग पाणी प्यायला की फुगतो आणि सुकला की आकसतो. उन्हाळ्यात वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या त्यामुळेच. घराखालची जमीन सगळीकडे सारखी फुगली आणि सारखी आकसली, तर घराचे फारसे बिघडत नाही. एका बाजूला मात्र पाणी मुरत राहिले आणि दुसरी बाजू कोरडी राहिली, तर एक कोपरा वर उचलला जातो किंवा खाली बसतो आणि भिंत तिरपी फाटते. म्हणून भेग बुजवण्याआधी ती वाचायला शिकावे. भेगेवर आडव्या दोन-तीन ठिकाणी कागदाच्या पट्ट्या चिकटवा, त्यावर तारीख लिहा आणि भेगेची रुंदी पट्टीने मोजून वहीत नोंदवून ठेवा. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग जमिनीच्या फुगण्या-आकसण्याची असते. तिच्या बाजूचे पाणी दूर नेले की तिचा जोर बहुधा कमी होतो. दोन्ही ऋतूंत रुंदावतच जाणारी भेग, किंवा ओळंबा सोडल्यावर भिंत बाहेर झुकलेली वा मध्येच पोट सुटलेली दिसणे, ही पाया अथवा भिंत कमजोर झाल्याची खूण आहे, आणि तिथे गवंड्याच्या अंदाजावर न थांबता तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या स्थापत्य अभियंत्याला आणून दाखवावे. ओळंब्याची तपासणी याच महिन्यात करा, कारण मातीच्या भिंती एका मोठ्या सरीने सहसा पडत नाहीत. चार-चार दिवसांची झड लागते, भिंत खालपासून भिजत जाते आणि मग ती बसते. झुकलेल्या भिंतीच्या खोलीत यंदाच्या पावसाळ्यात कोणालाही झोपू देऊ नका.

घराच्या पायथ्याचे काम खर्चाने थोडे आणि उपयोगाने फार मोठे आहे. मागच्या आणि दोन्ही बाजूच्या भिंतींलगत तीन ते चार फूट रुंदीची पट्टी आखून तिथली काळी माती एक फूट खोलीपर्यंत काढावी. त्याहून खोल खणू नये आणि एका वेळी सगळी भिंत उघडी करू नये. जुन्या घरांचा पाया फार खोल नसतो, त्यामुळे आठ-दहा फुटांचा एक तुकडा पूर्ण भरूनच पुढचा तुकडा खणावा. काढलेल्या जागेत चांगला मुरूम चार-चार इंचांच्या थरांनी टाकून, प्रत्येक थरावर पाणी शिंपडून तो धुमसाने ठोकावा. एकदम फूटभर मुरूम ओतून वरून ठोकला, तर वरचा थर घट्ट दिसतो आणि खालचा पोकळच राहतो, आणि पहिल्या झडीत ती जागा खचून पाणी उलट भिंतीकडे वळते. मुरमाचा उतार भिंतीपासून बाहेर असावा, चार फुटांत चार इंच एवढा तरी. छपराच्या पागोळ्या जिथे पडतात त्या रेषेवर फरशीचे तुकडे किंवा चपटे दगड बसवले, म्हणजे मुरूम उखडत नाही आणि चिखलाचे शिंतोडे भिंतीवर उडत नाहीत. पट्टीच्या कडेने नाली काढून ती उताराने गावच्या नालीपर्यंत न्या. नाली सांदवाडीत सोडून देऊ नका, कारण तिथे विहीर आहे. वळचण भिंतीपासून दोन फूट तरी बाहेर असावी. मागच्या बाजूला ती कमी असेल, तर छपराचे काम काढले आहे तोवर फाटे म्हणजे वासे आणि त्यांवरच्या बांबूच्या कमच्या वाढवून घ्या. मागच्या बाजूला पन्हाळ बसवण्याइतके पैसे उरले, तर तो खर्च अवश्य करावा.

आता छप्पर. कवेलू काढून टीन टाकण्याचा सल्ला आज गावोगावी दिला जातो, आणि तो देणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही, कारण कवेलू फेरणारे, म्हणजे उतरवून नव्याने रचणारे, हात कमी झाले आहेत आणि वानरांचा त्रास खरोखर मोठा आहे. परंतु तुमच्या आईंना तिथे राहायचे आहे आणि विदर्भात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. दोन फुटी मातीची भिंत आणि वर दुहेरी देशी कवेलू असलेल्या घरात भर दुपारी माणूस बसू शकतो, आणि तेच छप्पर टिनाचे केले की दुपारी आत थांबणे कठीण होते. माणसे राहतात त्या खोल्यांवर आणि सपरीवर कवेलू ठेवावेत आणि कोठ्यावर टीन टाकावे, असे माझे मत आहे.

कवेलू फेरायचे तर ते पूर्ण उतरवून फेरावेत. फुटलेल्या जागी नवे खुपसून काम भागवले, तर खालच्या कमच्या कुजल्या आहेत की नाही ते कळतच नाही. एका वेळी एक पाख उतरवा. आभाळ कधी भरून येईल याचा मे महिन्यात आजकाल नेम राहिलेला नाही, त्यामुळे एक पाख झाकलेली असणे बरे, आणि झाकण्यापुरती ताडपत्री आधीच आणून ठेवावी. उतरवलेला प्रत्येक कवेलू झटकून, बोटाच्या टिचकीने वाजवून पाहावा. खणखणीत वाजला तो चांगला, बद्द आवाज देणारा तडकलेला समजावा. नव्या देशी कवेलूंचा शोध घेत बसण्यापेक्षा आसपासच्या गावांत घरकुलाच्या बांधकामासाठी कोणाचे जुने घर उतरवले जात आहे का ते पाहा. तिथे वर्षानुवर्षे ऊन-पाऊस सोसलेले कवेलू, आणि कधीकधी चांगले सागवानही, माफक दरात मिळते. थोडे जास्तीचे कवेलू कोठ्यात रचून ठेवा. दरवर्षी ते लागतील.

कवेलू बसवताना खालचे उताणे कवेलू हीच पाण्याची वाट असते, म्हणून वरचा कवेलू खालच्यावर नुसता बोटाच्या रुंदीएवढा नव्हे, तर चांगला तीन-चार इंच चढलेला असावा. आढ्यावरचा सांधा आणि दोन छपरांचे उतार एकमेकांना मिळतात ती खोलगट जागा या दोन ठिकाणी गळती सर्वांत जास्त असते. आढे चुना-मातीच्या गाऱ्यात बसवून घ्या. फाटे मध्ये लवले असतील, तर तिथे उतार कमी होऊन पाणी थांबते आणि कवेलू कितीही चांगले असले तरी गळते, म्हणून लवलेला फाटा बदलणे हे कवेलू बदलण्याहून आधीचे काम आहे. गळती थांबावी म्हणून कवेलूंखाली प्लास्टिक अंथरण्याची पद्धत पडली आहे. ते लाकडाला चिकटून राहिले की ओल आतच कोंडते आणि कमच्या दोन-तीन पावसाळ्यांत कुजतात, तेव्हा ते टाळावे. कमच्यांसाठी बांबू घेताना तो कधी तोडला ते विचारा. पावसाळ्यानंतर आणि हिवाळ्यात तोडलेल्या बांबूत पिष्टाचा अंश कमी असतो, त्यामुळे त्याला घुण कमी लागते. उन्हाळ्यात तोडलेला हिरवा बांबू लावला, तर वर्षभरात पिठासारखा भुसा गळू लागतो.

वानरांचा उपाय पूर्ण कोणाजवळच नाही, हे मान्य करूनच बोलले पाहिजे. ती संरक्षित आहेत आणि त्यांना इजा करण्याचा विचार मनातही आणू नये. छपरावर ती उतरतात ती बहुतेक झाडावरून उडी मारून, आणि कवेलू फुटतात ते त्या उडीनेच, चालण्याने फारसे नव्हे. म्हणून छपरापासून दहा-बारा फुटांच्या आत आलेल्या फांद्या याच महिन्यात छाटा. पश्चिमेला निंबाचे झाड असेल, तर ते तोडू नका. पश्चिमेची सावली गेली तर घर तापेल. छाटणीनंतरही ज्या कोपऱ्यावर उड्या पडतात तेवढ्याच भागावर कवेलूंच्या वर नायलॉनची जाळी ताणून बांधावी किंवा तेवढाच पट्टा टिनाचा करावा.

कोठ्यावर टीन टाकाल तेव्हा ते खिळ्यांनी ठोकू देऊ नका. खिळ्याच्या भोकातून पाणी येते आणि वादळात टीन खिळ्यासकट उपटून जाते. जे-हुक आणि डांबरी वायसर वापरा, टिनाच्या नळीच्या उंच भागावर भोक पाडा, आणि वळचणीकडच्या ओळीत हुक अधिक जवळ ठेवा, कारण वारा तिथूनच आत शिरतो. पहिले वादळी पाऊस मृगाच्या आधीच, रोहिणीत येतात, हे लक्षात घेऊन हे काम नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होण्यापूर्वी, म्हणजे २५ मेच्या आत, उरकावे.

मयालीवरच्या मातीच्या नळ्या म्हणजे वाळवीच. काही गावांत तिला उधई म्हणतात. तिचे वारूळ जमिनीत असते, तिला ओल सतत लागते, आणि लाकडापर्यंत उजेड टाळून जाण्यासाठी ती या नळ्या बांधते. त्यामुळे लाकडावर औषध मारून काम संपत नाही. तिची जमिनीपासूनची वाट शोधावी लागते. नळी जिथून भिंतीवर चढली आहे तिथपर्यंत खरडून काढा, मयाल टोच्याने जागोजाग टोचून आणि ठोकून पाहा, आणि आठ-दहा दिवसांनी पुन्हा येऊन नळी नव्याने बांधली आहे का ते तपासा. सागवान सहसा वरवर खाल्लेले असते आणि आतला गाभा शाबूत असतो. तसे असेल तर सडलेला भाग तासून तिथे तेल लावून मयाल ठेवता येते. भिंतीत घुसलेली मयालीची टोके मात्र नीट पाहा, कारण ओल तिथेच धरते. टोक पोचट झाले असेल, तर त्याखाली भिंतीलगत सागाचा किंवा लोखंडाचा खांब उभा करून भार त्यावर घ्यावा. पूर्ण मयाल बदलण्यापेक्षा हे स्वस्त आणि सुरक्षित आहे. नळ्या परत आल्याच, तर औषधाचे काम परवानाधारक माणसाकडूनच करून घ्या आणि विहिरीकडच्या बाजूला जमिनीत औषध ओतू देऊ नका. शेतीसाठी आणलेले कीटकनाशक घरात मारण्याची सवय फार घातक आहे. २०१७ साली आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, आणि ते तर मोकळ्या वावरात होते. बंद खोलीत, जिथे पुढे तुमच्या आई झोपणार आहेत, तिथे हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही.

सिमेंटबद्दल सविस्तर सांगितले पाहिजे, कारण मातीच्या घरांचे सर्वांत जास्त नुकसान आज त्यानेच होताना दिसते. मातीची भिंत जमिनीतून आणि हवेतून थोडी ओल घेते आणि ऊन-वाऱ्याने ती सोडूनही देते. तिच्यावर सिमेंटचा कडक थर चढवला, की आलेल्या ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती आतल्या आत वर चढत जाते. शिवाय माती ऋतूप्रमाणे किंचित हलते, सिमेंट हलत नाही. दोघांचा सांधा सुटतो, थरामागे पोकळी होते, तिथे वाळवी आणि उंदीर घर करतात, आणि एक दिवस प्लास्टर मोठ्या पापुद्र्याने मागची माती घेऊनच खाली येते. जाळी मारल्याने ते पडायला थोडा उशीर होतो, इतकेच. वाईट म्हणजे तोवर भिंत आतून किती भिजली आहे ते बाहेरून दिसत नाही. ठेकेदाराला दोष देण्याची गरज नाही, त्याला वीट-सिमेंटच्या घराची सवय आहे. पण हे काम त्याला देऊ नका.

मातीच्या भिंतीला मातीचेच लिंपण हवे. निव्वळ काळी माती त्यासाठी चालत नाही, कारण ती सुकताना फाटते. पिवळसर किंवा पांढरी माती चाळून घ्यावी, चिकणपणा जास्त वाटला तर बारीक रेती मिसळावी, गव्हाचे बारीक कुटार म्हणजे भुसा आणि शेण घालून हा गारा आठवडाभर भिजत ठेवावा आणि रोज तुडवावा. एकाच जाड थरापेक्षा दोन पातळ थर द्यावेत आणि पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा चढवावा. वाटल्यास आधी भिंतीच्या एका कोपऱ्यात दोन-तीन वेगवेगळ्या मिश्रणांचे हातभर पट्टे लावून पाहा. जो पट्टा सुकल्यावर फाटत नाही आणि हाताने चोळल्यावर भुगा होत नाही, ते मिश्रण घ्या. मे महिन्याच्या उन्हात लिंपण फार झपाट्याने सुकते आणि तडकते, आणि चुन्याच्या कामाला तर सावकाश सुकण्याची, काही दिवस ओलसर ठेवण्याची गरज असते. म्हणूनच हे सगळे काम मी दिवाळीनंतर सुचवतो. या उन्हाळ्यात भिंतीचा फक्त खालचा दीड-दोन फुटांचा भाग, जिथे माती गळून खड्डे पडले असतील तिथे, सकाळच्या वेळी भरून घ्यावा आणि वरून ओले पोते लावून सावकाश सुकू द्यावा. भेगही सध्या पातळ मातीने वरवर बंद करा, म्हणजे पाणी आणि विंचू आत जाणार नाहीत. पक्की भरणी पावसाळ्यातली मोजमापे पाहून हिवाळ्यात करावी.

मातीचे घर टिकत नाही, अशी शंका घरातल्या कोणी काढली, तर त्यांना एकदा सेवाग्रामला घेऊन जा. महात्मा गांधी १९३६ साली तिथे राहायला आले, आणि आश्रमातली आदी निवास आणि बापू कुटी ही माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची घरे त्याच काळ्या जमिनीच्या मुलखात, तोच पाऊस झेलत आजही उभी आहेत. ती उभी आहेत कारण त्यांचे सारवण, लिंपण आणि छप्पर यांची निगा खंड न पडता घेतली जाते. तिथल्या वळचणी किती बाहेर काढल्या आहेत आणि भिंतीचा पायथा कसा जपला आहे, हे तुमच्या गवंड्याने बघून यावे, अशी माझी सूचना आहे.

टाइल्सचेही तसेच आहे: सगळ्या जमिनीवर टाइल्स बसवल्या, की खालची ओल भिंतींकडे वळते. न्हाणी आणि स्वयंपाकाचा ओटा एवढ्यापुरते पक्के काम करा, बाकी जमिनी सारवणाच्या राहू द्या. आईंना सारवण झेपणार नसेल, तर गावातल्या बाईंना त्यासाठी योग्य मजुरी देऊन ते नियमाने करून घ्या. ते कसबाचे काम आहे.

विहिरीचा गाळ काढायला मे हाच महिना योग्य, कारण पाणी तळाला गेलेले असते. परंतु तीन वर्षे न वापरलेल्या विहिरीत माणूस थेट उतरवू नका. तळाशी प्राणवायू कमी असू शकतो. आधी पेटता कंदील दोराने खाली सोडून तो विझत नाही ना ते पाहावे, पालेदार फांदी किंवा बादली बराच वेळ वर-खाली करून हवा हलवावी, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधलेला असावा आणि वर ओढायला दोन माणसे हजर असावीत. डिझेल इंजिन विहिरीत उतरवून चालवणे तर जीवावरचे आहे, कारण त्याच्या धुरातला विषारी वायू कंदिलाने कळत नाही. गाळ निघाल्यावर आणि पुन्हा पहिल्या पावसानंतर विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकावी. हजार लिटरला अडीच ग्रॅम हे प्रमाण आहे. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते सुमारे अठ्ठावीस हजार लिटर होते आणि त्याला सत्तर ग्रॅम ताजी पावडर पुरते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन वरचे निवळ पाणी विहिरीत सोडावे आणि तासभर पाणी उपसू नये. तुमच्या विहिरीचे माप ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला दिले, तर तो प्रमाण काढून देईल. कठडा उंच करणे आणि भोवती बाहेर उताराची फरशी करणे हे ओघाने आलेच.

विजेची जोडणी तीन वर्षे बंद घरात उंदरांच्या तावडीत राहिलेली आहे, त्यामुळे मीटरपासून आतल्या सगळ्या तारा तपासून घ्या, अर्थिंग नव्याने करा आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे तीस मिलिअँपिअरचे यंत्र बसवा. ओल्या भिंतीतली किंवा टिनाला लागलेली एक उघडी तार पुरेशी असते. सरपण, पऱ्हाटी आणि तुऱ्हाट्यांचे ढीग भिंतीला टेकवून ठेवलेले असतील, तर ते सांदवाडीच्या टोकाला हलवा. साप, विंचू आणि वाळवी या तिघांनाही तो आसरा होतो. मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, म्हणून आईंना खाटेवर, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपायला सांगा.

पैशांची वाटणी साधारण अशी करावी: दोन लाखांतले निम्मे छपरावर, कोठ्याच्या टिनासह, चौथा हिस्सा मुरूम, नाली, विहीर आणि वीज यांवर, आणि उरलेला चौथा हिस्सा हात न लावता दिवाळीनंतरच्या लिंपणासाठी आणि पावसाळ्यात अचानक निघणाऱ्या कामासाठी. खर्च करण्याआधी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरांच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, वडिलांच्या जागी आईंचे आणि वारसांचे नाव लागले आहे की नाही, एवढे मात्र बघून घ्या.

पावसाळ्यात घर पुन्हा कुलूपबंद राहिले, तर हा सगळा खर्च अर्धा वाया जाईल. चूल पेटत नाही म्हणून छपराला धूर लागत नाही, दारे उघडत नाहीत म्हणून ओल सुकत नाही, आणि एक कवेलू सरकल्याचे कोणाला कळत नाही, म्हणून महिनाभर त्याच जागी पाणी गळत राहते. पुढच्या दोन खोल्या जून ते दिवाळी एखाद्या शिक्षकाला किंवा अंगणवाडी सेविकेला नाममात्र भाड्याने द्याव्यात, लेखी करार करून. ते जमले नाही, तर आठवड्यातून एकदा घर उघडून झाडणाऱ्या आणि प्रत्येक झडीनंतर फोन करणाऱ्या माणसाला ठरावीक मोबदला द्या. पहिल्या मोठ्या पावसाच्या वेळी शक्य असेल तर तुम्ही स्वतः तिथे राहा, पाणी कुठून येते त्या जागेवर आतून खडूने खूण करा, आणि कवेलू फेरणाऱ्याला त्या खुणा दाखवून उघडिपीत दुरुस्ती करून घ्या. त्याचा शेवटचा हप्ता या दुरुस्तीनंतरच द्यायचा, असे कामाच्या आधीच ठरवून घ्या.

आता काकाजींच्या छपराचे पाणी. मागच्या भिंतीची भेग थांबवायची असेल, तर हा प्रश्न टाळता येणार नाही, पण तो तक्रारीने सुटण्यासारखाही नाही. ज्यांनी तुमच्या भिंतीची काळजी वाटून सिमेंट लावू नका म्हटले, त्यांच्याशी बोलायला तुम्हाला जड जाऊ नये. पाणी दोन्ही भिंतींच्या मधल्या बोळात पडते, म्हणजे त्यांची भिंतही भिजतच असणार. त्यांच्याही पायथ्याची माती गळली आहे का ते त्यांच्यासोबत जाऊन पाहा. मग बोळाच्या मधोमध एकच नाली, दोन्ही बाजूंनी मुरमाचा उतार, आणि त्यांच्या वळचणीला पन्हाळ असा प्रस्ताव मांडा. नालीचा आणि मुरमाचा खर्च अर्धा-अर्धा करावा. पन्हाळ मात्र तुम्ही तुमच्या पैशाने बसवून द्यावी, कारण ती त्यांच्या छपराला लागली तरी तुमच्याच भिंतीसाठी आहे. जागेची हद्द कुठे आहे हा वाद या बोलण्यात आणू नका. नालीमुळे कोणाचाही हक्क कमी-जास्त होणार नाही, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. मुरूम आणायला जाल त्या दिवशी दोन्ही घरांचा मुरूम एकाच खेपेत आणला, तर भाड्याचे पैसेही वाचतील.